मागच्या खोलीतली माणसं

आमच्या बोरगाव मेघेत कुणी खोली सोडून निघालं, की बहुधा दुपारची वेळ निवडतं. उन्हात गल्लीत कुणी नसतं. मालवाहू ऑटोत गादी, कूलर, शेगडी, वरून दोरीनं बांधलेली लेकराची सायकल, आणि बाई ड्रायव्हरच्या बाजूला पदर पुढं ओढून बसलेली. बदली झालेली माणसं अशी जात नाहीत. ती चार घरी सांगतात, चहा पितात, नवा पत्ता देतात. मी एसटीच्या चौकशी खिडकीत बसून निवृत्त झाले. आंजीची गाडी कधी लागते, एवढंच विचारणाऱ्या बाईच्या आवाजावरून ती माहेरी चार दिवस राहायला निघाली आहे की तिचं बिऱ्हाड मोडलं आहे, हे मला मान वर न करता कळायचं. त्यात कौतुकाचं काही नाही. वर्षानुवर्षं माणसं तेच विचारत राहिली, की कान तयार होतो.

कोरोना ओसरल्यावर आमच्याच गल्लीतलं एक कुटुंब असं भरदुपारी गेलं. त्या घरची बाई दर रविवारी विहारात वंदनेला माझ्या शेजारी बसायची. खोली सुटणार हे तिला बरेच दिवस आधी माहीत होतं आणि तेवढे सगळे दिवस ती माझ्या शेजारी बसून "बरं हाय" म्हणत होती. मला तिचा राग आला. अजूनही येतो. अगं, तोंड उघडलं असतंस तर आम्ही काय तुला खाल्लं असतं?

त्यानंतर मॅडमनी एक पद्धत घालून दिली. मॅडम म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या आमच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या. वंदना झाली, पुरुषमंडळी चपला घालून निघाली, की बायकांनी अर्धा तास मागं थांबायचं. मॅडम भिंतीला टेकून बसायच्या आणि विचारायच्या, "कोणाची खोली हलून राह्यली काय व?" पहिले काही रविवार सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग एक बोलली, मग दुसरी. कुणाच्या घरमालकाला पुतण्यासाठी खोली हवी होती, कुणाचं सामायिक नळावरून वाजलं होतं. आम्ही जायचो, बोलायचो, मुदत वाढवून मागायचो, नाहीच जमलं तर दुसरी जागा शोधायचो. याला कुणी मंडळ म्हणा, कुणी उपक्रम म्हणा. आमच्याकडं फलक नव्हता आणि आजही नाही. माणूस रस्त्यावर आल्यावर त्याला पांघरूण नेऊन द्यायला पुष्कळ जण असतात. आम्हाला तो रस्त्यावर यायच्या आधी गाठायचा होता.

वैशाखातल्या एका रविवारी एक बाई आली. आत आली नाही, दारातच उभी राहिली. सोबत सात-आठ वर्षांची मुलगी, आईचा पदर बोटाला गुंडाळत. बाईचा नवरा मिस्त्री होता, बांधकामावरून डोक्यावर पडला होता. दवाखान्यात जीव वाचला. तो चालायचा, जेवायचा, बायकोला ओळखायचा. पण दिवस मावळायला लागला की त्याला वाटायचं आपण कामावर आहोत आणि मजूर सिमेंटचा माल आणत नाही. मग तो ओरडायचा, "माल आन रे! ए, माल आन!" अंधार पडून बराच वेळ झाला की आपोआप गप्प व्हायचा. बायको एका होस्टेलच्या खानावळीत संध्याकाळचा स्वयंपाक करायची. मुलीला ती सोबत न्यायची. त्याला नेता येत नव्हतं.

"भाडं थकलं काय?" मी विचारलं.

"नाई मावशी. भाडं कधीच नाई ठेवलं."

"मंग काऊन काढून राह्यली?"

घरमालकीण एक म्हातारी विधवा. सगळे तिला काकू म्हणायचे. शेतकरी घरातली, आंजीकडची. नवरा गेलेला, एकुलता एक मुलगा पुण्याला. पुढच्या भागात ती एकटी आणि मागच्या खोलीत हे तिघं. मिस्त्रीचं ओरडणं तिनं दोन वर्षं ऐकून घेतलं होतं. पण चार दिवसांपूर्वी मिस्त्री तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काकूनं सांगितलं, महिनाअखेर खोली खाली करा.

ती बाई दुसऱ्या खोलीसाठी सगळीकडं फिरून आली होती. सेवाग्राम रोडकडं, रेल्वे पुलाच्या पलीकडं. "आधी आडनाव विचारतेत," ती म्हणाली. "आडनावावर निभावलं, त मंग घरी कोण कोण राह्यते विचारतेत. तिथं अडते."

"गावचं घर?"

"भिताडं बसली पावसात. जागा दिराच्या ताब्यात हाय."

"मंग जाशीन कुठं?"

"स्टेशनवर," ती म्हणाली. पाणी भरायला जाते म्हणावं, तसं म्हणाली. मुलगी तिच्याकडं बघत होती. मी उठून तिला पाणी दिलं.

आता झालं असं, की दोन दिवसांवर बुद्ध पौर्णिमा होती. आमच्यात कुणाच्या अडीअडचणीला जायचं म्हणजे सगळ्यांनी मिळून जायचं आणि पांढऱ्या साडीत जायचं, ही लहानपणापासूनची सवय. मयत असो, कुणाची घरभरणी असो, कलेक्टर कचेरीवर मोर्चा असो, पांढरी साडी नेसली की आमच्या बायकांची पाठ ताठ होते. तर ठरलं की पौर्णिमेची वंदना झाली, खीरदान झालं, की तसंच उठून काकूकडं जायचं. खिरीचा डबा न्यायचा. गोडाचं तोंड झालं की बोलणं सोपं जाईल. कुणालाही यात वावगं वाटलं नाही. वाटणार कसं? आमच्या दारात अशा बायका आल्या असत्या तर आम्हाला धीरच आला असता.

काकू ओट्यावर बसली होती. गल्लीच्या तोंडाशी वीसेक बायका, सगळ्या पांढऱ्याशुभ्र, एका रांगेत येताना तिनं पाहिल्या आणि ती उठून उभी राहिली. समोरच्या गच्चीवरून कुणीतरी विचारलं, "कोण गेलं व?" दुसऱ्या घरातून आवाज आला, "मोर्चा होय, मोर्चा." आम्ही फाटकापाशी पोचेपर्यंत काकूनं आत जाऊन जाळीचं दार लावलं होतं. जाळीच्या मागं तिचा चेहरा दिसत होता. एक हात कडीवरच होता.

"जा बाई तुमी," ती म्हणाली. "मी काईच केलं नाई."

मॅडम डबा पुढं करून समजावायला लागल्या. ती ऐकतच नव्हती. तेच तेच म्हणत होती, मी काईच केलं नाई. माझा स्वभाव तुटक. मी म्हटलं, "काकू, खीर होय, इख नोहे." मॅडमनी मला दंडाला धरून मागं ओढलं. गल्लीभर लोक उभे होते. आम्ही डबा घेऊन परत फिरलो. मागच्या खोलीच्या दारात ती बाई उभी होती. आमच्याकडं बघून तिनं हळूच दार लोटून घेतलं.

त्याच संध्याकाळी पुण्याहून काकूच्या मुलाचा मिस्त्रीच्या बायकोला फोन आला. लोकं जमवून माझ्या म्हाताऱ्या आईला धमकावता काय, महिनाअखेर विसरा, आठ दिवसांत खोली खाली पाहिजे, नाहीतर मी पोलिसांत जातो. आम्ही तिला मदत करायला गेलो आणि तिची मुदतच खाऊन आलो. विहारात त्या रात्री एकीनं एकीवर ढकललं. जातीचं निघालं. काकू त्यांच्यातली आहे, तिला आमची खीर कशी चालेल, असंही कुणी म्हणालं. मीच म्हणाले बहुतेक. मॅडम शेवटी इतकंच म्हणाल्या, "ते बाई भ्याली होती. तुमी कोणी तिचं तोंड पाह्यलं काय?"

दोन दिवसांनी सकाळी मॅडम माझ्याकडं आल्या. फुलाफुलांची जुनी साडी, हातात भाजीची पिशवी. "चाल," म्हणाल्या. "दोघीच जाऊ."

काकू अंगणात होती. कुरड्यांचा चीक शिजवून पातेलं उतरवलेलं, बाजेवर जुनं पातळ अंथरलेलं, आणि ती एकटी साचा फिरवत होती. ज्यांनी कुरड्या घातल्या त्यांना माहीत आहे, चीक गरम आहे तोवरच साच्यातून उतरतो. थंड झाला की दगड. हे एकटीचं काम नव्हेच, निदान तिघी लागतात. तिचे हात भाजले होते आणि निम्मा चीक पातेल्यात घट्ट व्हायला लागला होता. आम्हाला बघून ती थांबली. उठून आत जावं तर चीक वाया जातो. मॅडमनी पिशवी खाली ठेवली आणि पदर खोचला.

"हात धुऊन घ्या," काकू म्हणाली.

माझं डोकं सणकलं. मी मॅडमकडं पाहिलं. त्या नळाकडं निघाल्याही होत्या. मीही गेले, काय करता. हात धुवून वळले तर मागं काकू उभी, तीही हात धुवायला आलेली. कुणाच्या मनात काय होतं ते मी तेव्हा तपासलं नाही आणि आता तपासून उपयोग नाही. मी साचा धरला. मॅडम चीक भरू लागल्या. काकू बाजेवर कुरड्या ओढत गेली.

पातेलं संपत आलं तेव्हा ती आपणहून बोलायला लागली, बाजेकडंच बघत.

"तुमाले वाटते मी त्याच्या वरडण्यापायी काढून राह्यली. वरडू दे न. माह्या घरात दुसरा आवाज कोणाचा हाय? त्या दिशी मी भाकरी करत होती. पाठ दाराकडं. वळून पाह्यतो त मिस्त्री पाटावर येऊन बसला. म्हणते, वाढ."

"मंग?"

"मंग काय. वाढलं मी."

मॅडमचे हात थांबले. काकू बोलत राहिली.

"भाकर वाढली, भाजी वाढली. खाली मान घालून जेवला. आमचे हे बी असेच जेवत, बोलत नसत. मले एक घडी काईच वाटलं नाई. मंग खिडकीत बाजूची बाई दिसली, पाहून राह्यली. एकटी बाई मी, अन् परका माणूस पाटावर. उद्या पोराले कोणी सांगितलं त? भेव मले त्याचं नाई वाटलं व. मले माहंच वाटलं."

आमच्यातल्या माणसाला तिनं आपल्या चुलीपुढच्या पाटावर जेवू घातलं होतं. ते ती बोलली नाही आणि मीही नाही. रविवारपासून या बाईवर केवढा राग धरून मी हिंडत होते.

मॅडमनी विचारलं, "सांजच्याले तुमच्यापाशी कोणी बाई असली त?"

"रोज?"

"रोज."

"रोज कोण येते व मॅडम."

"आमी येतो," मॅडम म्हणाल्या.

आणि आम्ही गेलो. बारी लावून घेतली. दिवस कलला की आमच्यातली एक काकूच्या ओट्यावर जाऊन बसायची, मिस्त्रीची बायको खानावळीतून परत आली की उठायचं. करायचं काहीच नव्हतं. लसूण सोला, मेथी निवडा, टीव्हीवरची मालिका बघा, आणि मागून ओरडणं सुरू झालं की ऐका. गल्लीतल्या लोकांनी आठ-पंधरा दिवस माना वळवून पाहिलं, मग सोडून दिलं. काकूनं मुलाला फोन करून काय सांगितलं ते आम्हाला कळलं नाही, पण आठ दिवस उलटले, महिनाही उलटला आणि मागची खोली हलली नाही.

पुढं काही दिवसांनी माझ्या बारीच्या दिवशी मिस्त्री फारच पेटला होता. काकू आतून ओरडली, "मिस्त्री, सुट्टी झाली! हात धुवा!" तो थांबला. नळ सोडल्याचा आवाज आला. त्यानंतर ती रोज तसं ओरडायची. कधी तो ऐकायचा, कधी नाही. आमच्यापैकी कुणी म्हटलं तर अजिबात ऐकायचा नाही.

आम्ही त्या प्रकरणातून इतकं शिकलो, की कुठंही जायचं ते दोघींनीच, रोजच्या साडीत, आणि ज्याची खोली जाणार त्याच्याआधी खोलीच्या मालकाचं ऐकायचं. काही ठिकाणी जमलं. काही ठिकाणी मालकाला कसलंच दुखणं नव्हतं, त्याला फक्त आम्ही नको होतो, तिथं आमच्या ऐकण्याचा काही उपयोग झाला नाही. एक कुटुंब आम्ही कितीदा जाऊनही निघून गेलं. त्यांचा सामान भरलेला ऑटो मी माझ्या दारातून पाहिला.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीत काकूचा मुलगा आला. भाऊबीजेपर्यंत राहणार म्हणून काकूनं आठ दिवस आधीपासून घर झाडायला घेतलं होतं. मला वाटलं होतं मोठा तोऱ्याचा माणूस असेल. तसा नव्हता. मला वाकून नमस्कार केला, आईच्या गुडघ्यांना तेल आणलं होतं. माझी बारी होती म्हणून मी ओट्यावर बसलेच होते. तो समोर येऊन म्हणाला, "मावशी, तुमीच सांगा. आई बाथरूममधी पडली, त कोण हाय इथं? तिकडं माह्यापाशी राहीन, दवाखाना जवळ हाय. हे घर कोणासाठी ठेवायचं?" त्याचं चूक नव्हतं. आम्ही सांजेचे तेवढे दोन-तीन तास असायचो. बाकीचा दिवस पुढच्या भागात ती एकटीच.

थोड्या वेळानं एक गृहस्थ आले, घर बघायला. काकूला हे आधी सांगितलेलं नव्हतं. ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं. मुलानं त्यांना पुढची खोली दाखवली, गच्ची दाखवली, विहीर बुजवली आहे ती जागा दाखवली. काकू माझ्या शेजारी बसून मेथी निवडत होती. दिवस मावळत आला होता. मागून आवाज आला, "माल आन रे! ए, माल आन!"

ते गृहस्थ थबकले. "हे कोण?"

मी वाट बघत होते, काकू आता नेहमीसारखी हाक मारेल. ती मारेना. आवाज वाढत गेला. मीच तोंड उघडलं, तर तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, घट्ट. मेथीची माती लागलेला तिचा हात मी बघत राहिले.

"मागचे किरायदार हायेत," ती म्हणाली. "रोजच वरडते तो."

"खाली करून द्याल ना?" त्यांनी मुलाला विचारलं.

"हो, म्हणजे काय," मुलगा म्हणाला.

"नाई," काकू म्हणाली. "घर माह्या नावानं हाय. मागची खोली खाली नाई होत."

गृहस्थ समजूतदार होते, पुन्हा फोन करतो म्हणून निघून गेले. मुलगा आईसमोर खाली बसला. आवाज चढवला नाही त्यानं. "आई, तूच मले फोन केलता, या लोकायले काढ म्हणून. आठवते काय?"

"आठवते."

"मंग आता?"

"आता नाई म्हणत."

"तुले हे लोकं पाह्यजेत, का मी?"

माझ्यासमोर त्यानं हे विचारायला नको होतं. मी उठायला लागले, पण काकूचा हात अजून माझ्या गुडघ्यावर होता. तिनं उत्तराला वेळ लावला नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं असावं.

"तू तिथंच राह्य बाप्पा," ती म्हणाली. "मी इथं राह्यतो."

तो आत गेला आणि बॅग घेऊन बाहेर आला. ओट्यावर आम्ही दोघी, फाटकापाशी ऑटो. तो आईच्या पाया पडला, तेवढं मात्र केलं, आणि गेला. घरात त्याच्यासाठी केलेली पाटवड्यांची भाजी तशीच होती. काकू रडली नाही. मेथीच्या काड्या गोळा करून गाईसाठी बाजूला ठेवत राहिली. मागं मिस्त्रीचा आवाज दमून बंद झाला होता.

तो त्यानंतर आलेला नाही. एक दिवाळी गेली. फोन येतो, तब्येत विचारतो, दोन मिनिटांत ठेवतो. मागच्या खोलीत ते तिघं आहेत. मुलगी शाळेत जाते. आमची बारी सुरू आहे, आणि आता आम्ही नसलो तरी मिस्त्रीची बायको सकाळी कामाला लागायच्या आधी काकूच्या दारात उभी राहून हाक मारते, उठल्या काय म्हणून.

त्या संध्याकाळचं तिला काही ठाऊक नाही. ती खानावळीतून आली तेव्हा ऑटो जाऊन बराच वेळ झाला होता. मुलगा सुट्टी नसल्यामुळे लवकर गेला, असं तिला वाटतं. काकूनं मला शपथ घातली आहे, म्हणून या लिहिण्यात कुणाचं नाव मी घेतलेलं नाही. त्या संध्याकाळी मिस्त्रीची बायको फाटकातून आत येताना दिसली, तशी काकू माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "तिले नको सांगजो. समजलं, त ते खोली सोडून जाईन."